स्टेजवर काही सुचत नाही, म्हणून शिबिर सोडू का?

'ताई, मी नागपूरच्या महाल भागात राहते, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकेत काम केलं. पाठांतर माझं चोख असतं, पण परीक्षक म्हणाले, "बोलतेस छान, समोरच्याचं ऐकत नाहीस." म्हणून अभिनयाच्या शिबिरात नाव घातलं. महिना होत आला, अजून एक संवाद हातात दिला नाही. डोळे मिटून पडून राहा, हॉलभर चाला, आरसा-आरसा खेळा, हवेतल्या हवेत भांडी घासा. इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसा प्रसंग करणं, आलं की माझं डोकं एकदम कोरं होतं. सगळे बघून राहिले एवढंच कळतं. बाकीच्यांना पटापट सुचते. माझ्यात कल्पनाशक्तीच नाही का? बाबा म्हणतात, फी भरून पोरखेळ करून राहिली. त्यापेक्षा मुंबईला जाऊन कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचा महिन्याभराचा कोर्स करू का? आणि हो, परवा सरांनी घरातलं कुणी गेल्याची आठवण सगळ्यांसमोर काढायला लावली. आमची आजी चैत्रात गेली. मी रडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तिकडे जायचं मनच होत नाही.'

पोरी,

आजीची गोष्ट तू 'आणि हो' म्हणत शेवटी लिहिलीस, पण मन तिथेच अडलंय हे दिसतंय. म्हणून आधी तेच घेते.

आजीला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. हे दुःख ओलं आहे आणि ते तुझ्या घरचं आहे. कुणी मागितलं म्हणून शिबिरात ते काढून दाखवायला तू बांधील नाहीस. पुढच्या वेळी असा सराव आला तर सरांना बाजूला घेऊन सांग, "सर, हे मी आत्ता करणार नाही, मला दुसरा प्रसंग द्या." कारणं देत बसू नकोस. जाणता शिक्षक तिथल्या तिथे दुसरा प्रसंग देईल. "नटी व्हायचं तर एवढं सोसावंच लागतं" असं उत्तर आलं, तर मात्र ते शिबिर सोडून दे, फी बुडाली तरी चालेल. पण एकदा बोलल्याशिवाय सोडू नकोस. बरेच जण हा सराव आपल्याकडून कुणी करून घेतला होता म्हणून पुढे चालवतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं.

या सरावाचं मूळ स्तानिस्लाव्हस्की या रशियन नट-दिग्दर्शकाकडे जातं. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्या दोघांपैकी हा एक. स्वतःच्या आठवणीतून नटाने भावना जागी करायची, ही वाट त्याने काही काळ धरली खरी, पण तो तिथे थांबला नाही. शेवटच्या वर्षांत त्याचा सगळा भर कृतीवर होता. पात्राला काय हवंय, आणि ते मिळवायला ते या क्षणी काय करतंय, इथून तो सुरुवात करायला सांगे. १९३४ साली स्टेला ॲडलर ही अमेरिकन नटी त्याला पॅरिसमध्ये भेटली, काही आठवडे त्याच्याबरोबर काम केलं आणि न्यूयॉर्कला परतून ग्रुप थिएटरमधल्या सोबत्यांना तिने हेच सांगितलं, की आपल्या जुन्या जखमा उकरण्यापेक्षा नाटकातली परिस्थिती आणि आपली कल्पना यांच्या जोरावर काम करा. त्याच ग्रुप थिएटरमधल्या ली स्ट्रासबर्गला ते पटलं नाही, तो आठवणीतून भावना जागवण्यावरच ठाम राहिला. आपल्या बऱ्याच शिबिरांत मात्र या वादातली स्ट्रासबर्गचीच बाजू पोहोचलेली दिसते.

आपल्या घरचं उत्तर तर त्याहून कितीतरी जुनं आहे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिले आहेत. अश्रू, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप हे त्यातलेच. हे भाव ठरवून आणता येत नाहीत. मन एकाग्र झालं की सत्त्व निपजतं आणि मग हे अंगावर उमटतात, असं नाट्यशास्त्राचे कर्ते भरतमुनी सांगतात. अट आहे ती मन एका जागी लागण्याची. घरातल्या मरणाची अट तिथे कुठेही नाही.

तू रडल्यावर टाळ्या वाजल्या, ते मला सगळ्यांत जास्त खटकलं. त्यातून तुझ्या आणि तिथल्या प्रत्येकाच्या मनात बसलं की रडू आलं म्हणजे अभिनय झाला. नाटकातलं माणूस बहुतेक वेळा रडू नये म्हणून धडपडत असतं. लेकीच्या पाठवणीत बाप सामान मोजत राहतो, ड्रायव्हरला रस्ता पुन्हा समजावून सांगतो. आपल्याला गलबलून येतं ते त्याच्या सामान मोजण्याने.

आता डोकं कोरं होण्याबद्दल. तुझंच वाक्य परत वाच: 'सगळे बघून राहिले एवढंच कळतं.' मग डोकं कोरं कुठे होतं? ते काठोकाठ भरलेलं होतं. मी कशी दिसतेय, मी मूर्ख ठरतेय का, आता काय बोलू, याने. परीक्षकांनी जे सांगितलं तेही हेच. तू ऐकत नाहीस, कारण त्या वेळी तुझं लक्ष तुझ्यावरच असतं. दुखणं एकच आहे आणि ते फार जणांना असतं. ज्याला तू महिनाभर पोरखेळ समजत होतीस, ते त्याच दुखण्यावरचं औषध आहे.

व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेचं नाव तुझ्या शिबिरात निघालं नसेल तर सरांना विचार. शिकागोच्या हल हाउसमध्ये नीव्हा बॉईड यांच्याकडे ती शिकली आणि पुढे परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करताना तिने नाट्यखेळ घडवले. १९६३ साली ते पुस्तकरूपाने आले आणि आज जगभरच्या शिबिरांत जे खेळ खेळले जातात त्यातले कितीतरी तिचे आहेत. तिचा अगदी सुरुवातीचा सराव असा: अर्धा गट स्टेजवर उभा राहतो, अर्धा खाली बसून बघतो. वरच्यांनी काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. थोड्या वेळात हात कुठे ठेवावेत ते कळेनासं होतं, कुणी फिदीफिदी हसतं, कुणी ओढणी नीट करत राहतं, मान आखडते. मग त्यांना सांगायचं, हॉलमधल्या खुर्च्या मोजा. मोजणी सुरू झाली की खांदे आपोआप खाली येतात, चेहरा सुटतो. बघणारे तेच, स्टेज तेच. आता लक्षाला काम मिळालंय, एवढाच फरक.

हे तू तालमीच्या आधी करून बघ. मोजायला खुर्च्या नसतील तर पंख्याची पाती मोज, फरशा मोज. पण सोंग नको, खरंच मोज आणि आकडा लक्षात ठेव. उद्या एखाद्या मोठ्या रंगमंदिराच्या स्टेजवर उभी राहशील तेव्हा फरशांच्या जागी समोरचा नट असेल. त्याच्या डाव्या भुवईवर काय चाललंय, वाक्य संपताना त्याचा श्वास कुठे तुटतो, हे 'मोजत' राहा. मग तुझं वाक्य कसं बोलायचं ते ठरवावं लागणार नाही. सॅनफर्ड माइसनर हा अभिनयशिक्षक न्यूयॉर्कमध्ये दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा, तेही याचसाठी. समोरच्यात दिसलं ते एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. बाहेरून बघणाऱ्याला वेड्यासारखं वाटतं. आत बसलेल्याला मात्र कळतं की तेच शब्द प्रत्येक वेळी समोरच्यामुळे बदलतायत.

तू विचारशील की मग डोळे मिटून पडून राहायचं कशाला, तिथे तर लक्ष स्वतःवरच असतं ना? मी कशी दिसतेय हा एक प्रश्न झाला आणि माझ्या शरीरात आत्ता काय होतंय हा दुसरा. पहिला प्रश्न नटाला गारठवतो आणि दुसरा त्याला मोकळं करतो. एफ. एम. अलेक्झांडर हा टास्मानियात जन्मलेला, स्टेजवर उतारे म्हणून दाखवणारा कलाकार होता. कार्यक्रमात त्याचा आवाज बसायचा आणि डॉक्टरांना घशात दोष सापडत नव्हता. शेवटी आरसे लावून तो स्वतःला न्याहाळत बसला, तेव्हा दिसलं की म्हणायला सुरुवात करताच आपण मान मागे खेचतो, कंठ दाबतो आणि तोंडाने हवा ओढतो. त्याला ते कधी जाणवलंच नव्हतं, कारण सवयीची गोष्ट अंगाला बरोबरच वाटते. तुझ्याही अंगात अशा सवयी असतील. जमिनीवर पडून राहिल्यावर जबडा आवळलेला आहे, एक खांदा वर आहे, श्वास छातीतच घुटमळतोय, हे कळतं. सुधारायला जाऊ नकोस. आधी नुसतं कळू दे. एंट्रीच्या आधी विंगेत उभी असताना तोच जबडा परत आवळला जाईल, आणि या वेळी तुला ते कळेल.

यातच भाषेचंही एक सांगते, नागपूरच्या मुलामुलींना हे सांगायलाच हवं. पत्रात तू 'बघून राहिले', 'करून राहिली' असं सहज लिहिलंस. इम्प्रोव्हायझेशनला उभी राहिलीस की कोणती मराठी बोलतेस? माझी खात्री आहे की तू पुण्याकडची, पुस्तकातली बोलायला जातेस. म्हणजे सुचलेलं प्रत्येक वाक्य आधी धुऊन, इस्त्री करून मग तोंडाबाहेर काढतेस, तोवर प्रसंग पुढे निघून जातो. पुढच्या वेळी सरांना विचारून घरची भाषा बोल. "काहून बे, कुठी चालला?" एवढं एक वाक्य जिभेवर आलं तरी त्याच्यामागून अख्खा माणूस येतो. प्रमाण भाषा शिकायची आहेच, नाटकाला ती लागते, पण ती वाचिक अभिनयाच्या, म्हणजे आवाज-उच्चारांच्या, तासाला शिक. इथे नको.

कल्पनाशक्तीबद्दलचा तुझा प्रश्न. ती नसलेलं माणूस मी बघितलेलं नाही. पण कल्पना म्हणजे काहीतरी अचाट सुचणं, असा समज असतो आणि तिथे मुलं अडतात. नटाची कल्पना बारीकसारीक तपशिलांवर चालते. हवेत भांडी घासायला लावतात ती त्यासाठी, आणि ती कंटाळवाणी होतात कारण आधी खरी भांडी लक्ष देऊन घासलेली नसतात. भांड्यांऐवजी संत्रं घे, सध्या हाताशी असेल तर. पहिल्या दिवशी खरंखुरं सोल, पण हळू. कोणता अंगठा पुढे जातो? देठाकडून की खालून? आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठा आत शिरताना आधी थोडा प्रतिकार होतो आणि मग आतली पोकळी लागते. साल दुमडली की तेलाचा बारीक फवारा उडतो, डोळे आपसूक बारीक होतात. फोडी सुट्या करताना पांढरे धागे नखाला चिकटतात. फोड तोंडात गेल्यावर बी जिभेने बाजूला करून दुसऱ्या हातात काढतेस, आणि ते सालीत ठेवायचं की खिडकीतून फेकायचं हेही हात ठरवून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी संत्र्याशिवाय हेच कर. कुठे घाई झाली, कुठे काय विसरलं, ते तुझं तुलाच दिसेल. वजन पहिल्यांदा हरवतं, रिकामा हात हलका होऊन वर जातो. परत खरं संत्रं घे आणि तेवढंच तपास.

तिसऱ्यांदा करताना परिस्थिती बदल. हे संत्रं वॉर्डात झोपलेल्या भावासाठी सोलतेस आणि त्याला बी गिळू द्यायचं नाही. किंवा पाहुणे दारात आहेत आणि घरातलं हे शेवटचं संत्रं तू लपून खातेस. 'जर असं असतं तर' हा स्तानिस्लाव्हस्कीचा 'जर' तो हाच. भाव आणायला जाऊ नकोस. बी काढण्यावर लक्ष ठेव, बघणाऱ्याला भाऊ दिसेल.

असे तपशील गोळा करायला तुझ्या घरापासून इतवारीची बाजारपेठ चालत जाण्याइतकी जवळ आहे. गोकुळपेठेचा भाजीबाजारही चांगला. मात्र नक्कल करायला जाऊ नकोस, ते फार लवकर जमतं आणि तिथेच माणूस अडकतो. एक भाजीवाली निवड आणि गिऱ्हाईक नसताना ती काय करते ते बघ. मेथीवर पाणी शिंपडते, सुटे पैसे गुडघ्याखाली सरकवते, शेजारणीशी बोलताना नजर रस्त्यावर ठेवते. रात्री वहीत चार ओळी लिही.

आणि इम्प्रोव्हायझेशन. बाकीच्यांना पटापट सुचतं म्हणतेस. पुढच्या वेळी नीट ऐक, त्यातलं किती समोरच्याचं घेऊन आलंय आणि किती नुसतं हशा मिळवायला टाकलंय. समज, गणेशपेठच्या एसटी स्टँडवरचा प्रसंग दिलाय, गाडी लागली आहे. एक जण म्हणतो, "ताई, उठा, या सीटवर माझा रुमाल होता." तू म्हणतेस, "इथे कुठला रुमाल? काही नव्हता." संपलं. त्याने दिलेली वस्तू तू खोडलीस, आता त्याला भांडण्यावाचून मार्ग नाही, आणि भांडण जागच्या जागी फिरत राहतं. आता दुसऱ्या पद्धतीने बघ. तू म्हणतेस, "हो, होता ना. त्यानेच पोराचं नाक पुसलं मी." रुमाल आहे, पोर आलं, पोराला सर्दी आहे, त्या माणसाला रुमाल परत हवाय आणि नकोही आहे. तुला विनोद करावा लागला नाही. त्याचं घेतलंस आणि त्याला एक वस्तू जोडलीस, एवढंच.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नाटककारांबरोबर काम करताना कीथ जॉनस्टन हा इम्प्रोव्हायझेशनचा शिक्षक याच गोष्टीवर अडून बसायचा. समोरून आलेलं नाकारू नका, आणि वेगळं काही सुचवण्याच्या मागे लागू नका, जे उघड आहे तेच करा. तुला उघड वाटणारी गोष्ट दुसऱ्याला उघड नसते, कारण तो महालात, तुझ्या घरात वाढलेला नाही. म्हणून काही सुचलं नाही तर शोधत बसू नकोस. समोरच्याच्या हातात काय आहे ते बघ आणि त्याबद्दल बोल. हातात काही नसेल तर गप्प राहून त्याच्याकडे बघ. प्रसंगातली शांतता बघणाऱ्याला तुझ्याइतकी लांब वाटत नाही.

बाबांशी वाद घालू नकोस, त्यांचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो रास्त आहे. पण त्यांना एवढं सांग की मराठी नाटकाची सुरुवातच या 'पोरखेळा'तून झाली. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पात्रांना लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा आणि पात्रं त्या धाग्यावर आपल्या मनाने भाषणं करायची. आपल्या विदर्भातली खडी गंमत आणि दंडार ही लोकनाट्यं बघितलेल्या कुणालाही विचार, जागच्या जागी उत्तर देणं हे तिथल्या नटाचं हत्यारच असतं. शिबिराच्या शेवटी पालकांसाठी सादरीकरण असेल तर बाबांना घेऊन जा. नसेल तर सरांना म्हण, एक तास पालकांना बसू द्या.

मुंबईचा तो महिन्याभराचा कोर्स आत्ता नको, हे मी स्वच्छ सांगते. कॅमेऱ्यासमोर कुठे बघायचं, ठरवून दिलेल्या खुणेवर, म्हणजे मार्कवर, कसं थांबायचं, फ्रेम केवढी आहे, हे शिकायचं असतंच आणि ते पटकन शिकता येतं. पण जिचं लक्ष स्वतःवर आहे तिला क्लोजअपमध्ये लपायला जागा नसते. आधी शिबिर पूर्ण कर, मग एका नाटकाच्या पूर्ण तालमीतून जा. लहान भूमिका चालेल, राज्य नाट्य स्पर्धेसाठी नागपुरातल्या संस्था नाटकं बसवतातच, तिथे जाऊन उभी राहा. बीकॉम पूर्ण कर. पुढे याच वाटेने जायचं ठरलं, तर पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) आहे. एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि तिथे अर्ज करायला पदवी लागते, आधी नाटकांत काम केलेलंही लागतं. तेव्हा आत्ताची वर्षं वाया जातायत असं अजिबात समजू नकोस.

या आठवड्यात मात्र पहिलं काम सरांशी बोलणं. सगळ्यांसमोर नको, शिबिर सुरू व्हायच्या आधी गाठ आणि एकटीला अवघड वाटत असेल तर मैत्रिणीला सोबत ने. ते काय म्हणाले ते मला कळव. त्यावर तिथे राहायचं की दुसरीकडे जायचं, हे आपण ठरवू.